शिक्षणासाठी ‘घरी’ पाठविलेली मुले

बालरोगतज्ज्ञाकडे मूल जन्मल्यापासून येऊ लागते आणि नववी-दहावीनंतर त्याचे येणे विरळ होत जाते. त्यानंतर ते बहुधा एकदाच येते, जून-जुलैत. सोबत वडील असतात आणि हातात कुठल्याशा वसतिगृहाचा आरोग्य-दाखल्याचा छापील नमुना असतो. चलथाण, कडोदरा, पलसाणा या पट्ट्यात व्यवसाय करताना असे नमुने मी शेकड्याने भरले असतील. सही करण्यापूर्वी मी एक प्रश्न हमखास विचारतो : दहावी कुठून झाली आणि बारावी कुठून करणार? वजन, उंची, रक्तदाब यांच्याशी या प्रश्नाचा काय संबंध, असे पालकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. तो संबंध सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आपल्या भागातील मराठी समाज मुख्यत्वे खानदेशातून आलेला आहे. उधना-जळगाव लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या वाटेवरची गावे सुरतेला जोडली आणि यंत्रमाग, डाईंग-प्रिंटिंगचे कारखाने, साखर कारखाना यांनी माणसे येथे आणली. अनेकांची तीस-चाळीस वर्षे येथे गेली, घरे झाली, मुलांचे जन्म येथेच झाले. तरीही आपण ‘घरी चाललो’ म्हणतो ते खानदेशातच. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि शाळेत जे माध्यम असेल ते, अशा तीन पदरांत मूल वाढते. त्याच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला की वडिलांना हेच दूरचे ‘घर’ आठवते. तेथे आजी-आजोबा आहेत, काका आहेत, खोलीचे भाडे नाही. शिवाय महाराष्ट्रात महाविद्यालये भरपूर.

मस्कत, दुबई, कुवेत येथील मराठी कुटुंबेही नेमके हेच करतात. आखाती देशांत पिढ्यान्‌पिढ्या राहूनही सहसा नागरिकत्व मिळत नाही, तेथील सरकारी विद्यापीठे प्रामुख्याने त्यांच्या नागरिकांसाठी आणि खासगी विद्यापीठांचे शुल्क पगारदाराला न झेपणारे. म्हणून बारावी झाली की मूल पुण्याला किंवा नाशिकला धाडले जाते. अंतर वेगळे असले तरी युक्तिवाद एकच आहे : आपल्याकडे शिक्षण स्वस्त आहे आणि तेथे आपली माणसे आहेत.

या वाक्यातील ‘आपल्याकडे’ आणि ‘स्वस्त’ हे दोन्ही शब्द तपासून घ्यावे लागतात. मी येथे वैद्यकीय प्रवेशाचे उदाहरण प्रामुख्याने घेणार आहे, कारण मंडळातील बहुतेकांना तेच जवळचे आहे आणि नियमांचा काच सर्वांत अधिक तेथेच जाणवतो.

‘आपले’ राज्य कोणते?

सुरतेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६४ सालचे. त्यापूर्वी सुरतेच्या विद्यार्थ्याला मुंबई, अहमदाबाद किंवा बडोदे गाठावे लागे. पण १ मे १९६० पर्यंत तो एकाच राज्यात फिरत होता. सुरत आणि धुळे हे दोन्ही जिल्हे तोवर मुंबई राज्यातच होते. पुढे सीमारेषा आखली गेली. नवापूर स्थानकातून ती अशी जाते की फलाटावरील एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. प्रवासी कौतुकाने तेथे छायाचित्रे काढतात. आपल्या मुलांच्या कागदपत्रांतूनही तीच रेषा जाते, परंतु ती दिसते प्रवेशाच्या दिवशी.

वैद्यकीय महाविद्यालयाने स्वतःच्या राज्यातील मुलांना झुकते माप द्यावे की नाही, हा वाद जुना आहे. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताबाहेरील विद्यार्थ्यांकडून वर्षाला १,३०० ते १,५०० रुपये जादा शुल्क घेतले जाई आणि तेथील रहिवाशांना ते माफ होते. डी. पी. जोशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली बहुमताने हा भेद वैध ठरविला. घटनेने मनाई केली आहे ती जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास. निवासस्थान ही निराळी बाब आहे, असा त्या निकालाचा आधार होता. १९८४ साली डॉ. प्रदीप जैन खटल्यात मात्र न्यायालयाने सगळ्याच जागा राज्यातील रहिवाशांसाठी ठेवण्यास मज्जाव केला आणि त्यातूनच पुढे शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय पातळीवर भरण्याची पद्धत आली. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांसाठी निवासाची अट घटनाबाह्य ठरविली. एमबीबीएसच्या ८५ टक्क्यांना तो निकाल लागू नाही.

म्हणजे सारा प्रश्न हे ८५ टक्के कोणाचे, हा आहे. महाराष्ट्राचा नियम असा की, उमेदवार राज्याचा अधिवासी असावा आणि दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेला असावा. केंद्र व राज्य शासनाच्या बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत. कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातील मराठी मुलांसाठी थोड्या जागा राखलेल्या आहेत. सुरतेतील मराठी मुलांसाठी तशी तरतूद नाही. आपण सीमेपलीकडे स्वखुशीने आलो, एवढाच त्याचा अर्थ. गुजरातनेही २०१७ च्या नियमांत अधिवास आणि राज्यातील शालेय शिक्षण अशा दोन्ही अटी घातल्या.

आता या दोन नियमांच्या मधोमध सापडलेला मुलगा पाहा. मी पाहिलेल्यांपैकी तो एक. असे आणखी आहेत. दहावी चलथाणला, गुण उत्तम. कोणीतरी ‘लातूर पॅटर्न’चे नाव काढले, आतेभाऊ तेथे शिकत होता, म्हणून वडिलांनी अकरावीला लातूरला घातले. मुलाने जीव तोडून अभ्यास केला. नीटचे गुण असे आले की गुजरातच्या राज्य कोट्यात त्याला शासकीय जागा सहज मिळाली असती. परंतु बारावी महाराष्ट्रात झाल्यामुळे गुजरातचे दार बंद. दहावी गुजरातेत झाल्यामुळे महाराष्ट्राचेही दार बंद. राहिल्या त्या अखिल भारतीय १५ टक्के जागा, जेथे गुणांची रेषा वर असते. खासगी महाविद्यालयांतील संस्थात्मक जागा, जेथे शुल्क कित्येक पटींनी अधिक. आणि अभिमत विद्यापीठे, जेथे महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी वर्षाचे शुल्क वीस लाखांच्या पुढे आहे. एक वर्ष त्याने पुन्हा परीक्षेत घालविले. आज तो औषधनिर्माणशास्त्र शिकतो आहे आणि चांगला शिकतो आहे. पण त्याच्या गुणांत कमी काहीच नव्हते. दोन परीक्षा दोन राज्यांत दिल्या, एवढ्यावरून तो त्रिशंकू झाला.

कोट्याची वाट धरणाऱ्यांचेही हेच. तेथील वर्गात बसून बारावीचा अर्ज राजस्थानातील शाळेतून भरला की गुजरातचा हक्क धोक्यात येतो. गुजरातेतील शाळेत नाव ठेवून शिकायला बाहेर जाण्याची जी चोरवाट आहे, तीविषयी मी येथे लिहीत नाही. हजेरीच्या तपासणीत ती केव्हाही उघडी पडू शकते.

तेव्हा निर्णय बारावीनंतर घ्यावयाचा नसून आठवी-नववीत घ्यावयाचा आहे. मूल महाराष्ट्रात शिकवायचे असेल तर दहावीही तेथूनच व्हावी, आणि त्याआधी अधिवासाच्या दाखल्याचा प्रश्न तहसील कार्यालयात सुटलेला असावा. महाराष्ट्रात हा दाखला सर्वसाधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो, आणि वडील येथे, मुलगा तेथे अशा स्थितीत तो मिळविणे पालक समजतात तितके सोपे नसते. अभियांत्रिकीचे नियम सैल आहेत. तेथे वडील किंवा आई महाराष्ट्राची अधिवासी असल्यास मुलाला मार्ग असतो. दोन्ही राज्यांच्या प्रवेश-पुस्तिका दरवर्षी नव्याने निघतात. त्या त्या वर्षीची पुस्तिका स्वतः वाचावी, शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. शेजाऱ्याचा मुलगा कदाचित जुन्या नियमाने गेला असेल.

जातीच्या दाखल्याबाबतचा गैरसमज अधिक खोल आणि अधिक महाग आहे. पुष्कळ कुटुंबे नंदुरबार किंवा धुळ्याहून काढलेला दाखला जपून ठेवतात आणि तो गुजरातेत चालेल असे धरून चालतात. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मर्री चंद्रशेखर राव विरुद्ध डीन, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज या खटल्यात ठरविले की, एका राज्यात अनुसूचित जमातीत असलेली व्यक्ती दुसऱ्या राज्यात गेल्यावर तेथे आपोआप त्या जमातीची ठरत नाही. आंध्रातून वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेल्या मुलाचा वैद्यकीय प्रवेशाचाच तो प्रश्न होता. १९९४ साली दुसऱ्या घटनापीठाने तेच अनुसूचित जातींच्या बाबतीतही कायम केले, जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले तरीही. महाराष्ट्रात अशा दाखल्यासाठी कुटुंबाच्या जुन्या वास्तव्याचा पुरावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना किंवा त्यापूर्वी.

याचा परिणाम असा. नंदुरबारहून १९८५ साली आलेल्या भिल्ल कुटुंबातील मुलगी चलथाणला शिकली, तर गुजरातच्या राज्य कोट्यात ती खुल्या वर्गात मोजली जाते. महाराष्ट्रात तिची जमात मान्य, पण दहावी-बारावी बाहेरची म्हणून राज्य कोट्यात ती बसत नाही. तिचे आरक्षण उरते ते केवळ अखिल भारतीय जागांपुरते आणि केंद्रीय संस्थांपुरते. मुलांना वेळीच, म्हणजे दहावीपूर्वी, मूळ गावी पाठविण्याचा खरा लाभ कोणाला असेल तर तो अशा कुटुंबांना. आणि नेमक्या त्यांनाच हे कोणी सांगितलेले नसते. ज्यांना हा प्रश्न नाही ते मात्र लातूरची खोली आधीच ठरवून मोकळे होतात.

भाषेचेही एक सांगावेसे वाटते. नीट २०१७ पासून मराठीतही देता येते, परंतु मराठी प्रश्नपत्रिकेचा पर्याय महाराष्ट्रातील केंद्रांवरच असतो. सुरतेच्या केंद्रावर गुजराती, हिंदी, इंग्रजी वा उर्दू. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाने अर्ज भरताना हे पाहिले नाही, तर परीक्षेचे केंद्र की प्रश्नपत्रिकेची भाषा, असा पेच ऐनवेळी पडतो.

राहिला ‘स्वस्त’ हा शब्द. महाराष्ट्राने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. योजना उत्तम आहे, पण ती महाराष्ट्राच्या अधिवासी मुलींसाठी. वर्तमानपत्रात ती वाचून येथील दोन कुटुंबे मला मुलीला धुळ्याला पाठविण्याविषयी विचारून गेली. दोघींचेही सारे शिक्षण गुजरातेत झालेले होते. उलट गुजरातेत २०१५ पासून मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना आहे. वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत आणि परीक्षेत ८० पर्सेंटाईल असतील, तर वैद्यकीय शाखेला शिक्षण शुल्काचा अर्धा भाग, कमाल दोन लाखांपर्यंत, मिळू शकतो. आपल्या मुलांचा त्यावर पूर्ण हक्क आहे, तरी मराठी घरांत तिचे नाव क्वचितच ऐकू येते. गुजरातेत सारे स्वस्तच आहे असेही नव्हे. शासनाच्या सोसायटीमार्फत चालणाऱ्या महाविद्यालयांचे शासकीय कोट्यातील शुल्क २०२४ साली वर्षाला ३.३० लाखांवरून ५.५० लाख करण्यात आले, आणि ओरड झाल्यावर ते ३.७५ लाखांवर आले. जुन्या शासकीय महाविद्यालयांचे शुल्क त्यामानाने फारच थोडे आहे. एमबीबीएस ज्या राज्यात होते तेथेच पदव्युत्तर प्रवेशात संस्थेच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळू शकते, हेही हिशेबात धरावे.

वैद्यकीय वगळता इतर शिक्षणासाठी खानदेश आजही सोयीचा आहे. जळगावला १९९० पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, ज्याला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. शिरपूर, अमळनेर, धुळे येथील महाविद्यालये चांगली आहेत आणि कला, विज्ञान, वाणिज्य शाखांना वर सांगितलेला नियमांचा काच फारसा लागत नाही. मात्र आपले वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ १९६७ पासून सुरतेतच आहे. घरी जेवून शिकणारे मूल हे सर्वांत स्वस्त शिक्षण.

परदेशातील भावंडांसाठी

मंडळातील अनेकांची भावंडे, भाचे आखातात किंवा अमेरिकेत आहेत आणि त्यांचेही दूरध्वनी येतात. थोडक्यात सांगतो. दहावी-बारावी मस्कतला झालेला मुलगा भारतीय नागरिक असूनही महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात येत नाही, म्हणजे चलथाणच्या मुलाचीच गत. अखिल भारतीय जागा त्याला खुल्या आहेत. अनिवासी भारतीयांसाठी खासगी महाविद्यालयांत १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली इनामदार खटल्यात मुभा दिली. पण तेथील वाढीव शुल्काचा उपयोग दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी व्हावा, हीच मुळात त्यामागची कल्पना असल्याने तो मार्ग स्वस्त असणे शक्यच नाही. काका अनिवासी आहेत एवढ्यावर पुतण्याने त्या जागेवर हक्क सांगण्याचा प्रकार सप्टेंबर २०२४ मध्ये पंजाबच्या प्रकरणात न्यायालयाने कठोर शब्दांत फेटाळला. अमेरिकेत जन्मलेल्या, परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड असलेल्या मुलांसाठी ४ मार्च २०२१ ही तारीख महत्त्वाची. त्यानंतर कार्ड मिळालेल्यांना अनिवासी जागांपुरतेच पात्र धरले जाते. आधीच्यांचा हक्क २०२३ च्या निकालाने राखला गेला. अभियांत्रिकीला परिस्थिती बरी आहे. परदेशात शिकलेल्यांसाठी ‘दासा’ योजना आहे आणि आखातात काम करणाऱ्यांच्या मुलांना तिच्यात येथील विद्यार्थ्यांइतकेच शिक्षण शुल्क पडते.

नमुन्यात न मावणाऱ्या गोष्टी

आरोग्य-दाखल्याच्या नमुन्यात बहुधा पाच-सहा रकाने असतात. त्यांत जे विचारलेले नसते ते येथे लिहितो. मंडळातील कौटुंबिक डॉक्टरांना ते उपयोगी पडावे.

आखातात वाढलेला मुलगा पुण्याच्या खाणावळीत जेवू लागला आणि तिसऱ्या महिन्यात काविळीने आजारी पडला, हे मी अनेकदा ऐकले आणि पाहिले आहे. आपल्याकडील मुलांना ‘अ’ प्रकारचा यकृतदाह बहुधा लहानपणीच, लक्षणांवाचून, होऊन जातो. स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या मुलाला तो सतराव्या वर्षी होतो, आणि त्या वयात तो कावीळ व दीर्घ अशक्तपणा घेऊन येतो. एक अख्खे सत्र जाते. आता हे केवळ परदेशातील मुलांपुरते राहिलेले नाही. आपल्या सोसायट्यांत शुद्धीकरण यंत्राचे पाणी पिऊन वाढलेली मुलेही त्याच गटात मोडतात. ‘अ’ यकृतदाहाची आणि विषमज्वराची लस वसतिगृहात जाण्यापूर्वी टोचलेली असावी. कांजिण्या न झालेल्या मुलाला त्या लसीचे दोन डोस, गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस पूर्ण, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचा धनुर्वात-घटसर्प डोस, आणि वैद्यकीय, दंत वा परिचारिका शाखेला जाणाऱ्यांसाठी ‘ब’ यकृतदाहाचे तीन डोस. मुलींना गर्भाशयमुख कर्करोगाची लस पंधराव्या वर्षापूर्वी दिल्यास दोन डोस पुरतात, पुढे तीन लागतात. म्हणून दहावीच्या सुट्टीची वाट पाहू नये.

सिकलसेलची तपासणी आपल्या भागात सर्वांत महत्त्वाची. दक्षिण गुजरात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो, इतर काही समाजांतही तो आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अपेक्षित आहे, तरी वसतिगृहाला निघालेल्या कित्येक मुलांजवळ अहवाल नसतो. केवळ वाहक असलेल्याला सहसा त्रास होत नाही. रुग्ण असलेल्या मुलाला मात्र पाण्याची कमतरता, थंडी, जंतुसंसर्ग आणि जागरण यांतून तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. खोलीतील सोबत्याला आणि वसतिगृहाच्या अधीक्षकाला हे ठाऊक नसेल, तर मुलगा कामचुकारपणा करतो असे समजून वेळ जातो. वाहक आणि रुग्ण यांतील फरकही पालकांना नीट समजावून द्यावा, कारण वाहक मुलीला ‘आजारी’ म्हणून घरी बसविल्याचे मी पाहिले आहे.

मनाच्या तक्रारी या वयात पोटदुखी, डोकेदुखी होऊनच येतात. एका मुलीला अकरावीसाठी खानदेशात नातलगांच्या घरी ठेवले होते. दिवाळीत आली तेव्हा वजन सहा किलोंनी उतरलेले, पाळी दोन महिने चुकलेली, पोटात दुखते ही तक्रार. सोनोग्राफी, रक्त, सारे व्यवस्थित. हिमोग्लोबिन तेवढे नऊ. आईला बाहेर बसवून बोललो तेव्हा कळले की त्या घरची दोन वेळची भांडी, पाणी आणि लहान मुलाला सांभाळणे तिच्याकडे होते. अभ्यास रात्री अकरानंतर. नातलग दुष्ट नव्हते. घरातली मुलगी म्हणजे घरातली मुलगी, एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि खोलीभाडे घेत नाही म्हटल्यावर तक्रार करायची कशी, हा मुलीचा. स्वस्त म्हणून निवडलेल्या सोयीचे मोल ती मुकाट्याने देत होती. आई-वडिलांनी तिला वसतिगृहात हलविले आणि चार महिन्यांत वजन पूर्ववत झाले. नातलगांशी संबंध बिघडू न देता हे कसे करावे, यावर त्या आईने माझ्यापेक्षा अधिक शहाणपण दाखविले. ‘परीक्षेचे वर्ष, तुम्हाला त्रास नको’ एवढेच तिने सांगितले.

मुलांचे दुःख आणखी निराळे. गुजराती माध्यमातून गेलेला मुलगा मराठी लिहिताना शिरोरेषा देत नाही, कारण गुजराती लिपीला ती नसते. ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन उच्चार त्याला साधत नाहीत. वर्गात त्याला ‘गुजरातवाला’ म्हणतात. सुरतेत आयुष्यभर ‘मराठी’ म्हणून ओळखले गेलेले मूल ज्या गावाला घर समजून जाते, तेथे ते परके ठरते. कोणालाच यात मोठे काही घडले असे वाटत नाही. परंतु झोप उडण्याला, वर्ग बुडविण्याला आणि दूरध्वनीवर ‘बरं आहे’ या दोन शब्दांपलीकडे न बोलण्याला एवढे कारण पुरते. या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. शिकवणी वर्गांनी सोळा वर्षांखालील मुलांना घेऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढली. आणि विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांना समुपदेशनाची व्यवस्था बंधनकारक केली. प्रवेश घेताना समुपदेशक कोण, तो आठवड्यातून किती वेळा बसतो, हे पालकांनी प्रत्यक्ष विचारावे. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, मराठी आणि गुजराती दोन्हींत बोलता येते. मुलाच्या मोबाईलमध्ये तो आपण स्वतः नोंदवून द्यावा.

मंडळाला एक सुचवावेसे वाटते. दरवर्षी फेब्रुवारीत, शाळा बदलण्याचे निर्णय होण्यापूर्वी, सातवी ते नववीच्या पालकांसाठी एका रविवारी सकाळी दोन तासांची बैठक घ्यावी. दोन्ही राज्यांच्या चालू प्रवेश-पुस्तिका, शिष्यवृत्त्यांची माहिती आणि जातीच्या दाखल्याचे नियम जाणणारा एखादा वकील किंवा निवृत्त महसूल अधिकारी एवढे पुरे. त्याच सकाळी मुलांची सिकलसेल आणि हिमोग्लोबिन तपासणी होऊ शकेल. आपल्यापैकी ज्यांच्या प्रयोगशाळा आहेत त्यांनी रक्तनमुने घेण्याची जबाबदारी उचलल्यास लसीकरणाच्या नोंदी तपासण्याचे काम मी करीन. पत्रके मराठी आणि गुजराती दोन्हींत काढावीत, कारण येथे वाढलेल्या पुष्कळ तरुण आयांना आता मराठीपेक्षा गुजराती वाचणे सोपे जाते.